सॅमनचा गळ आणि तिरपी दोरी

मुंबईतल्या मोठ्या हॉटेलांत खाद्यपदार्थांच्या यादीवर ‘इंडियन सॅमन’ असे नाव कधी दिसले तर फसू नका. तो आपला रावस असतो. रावसाच्या छातीच्या परांखाली दोऱ्यासारखे सुटे किरण लोंबत असतात. सॅमनला तसले काही नसते. दोघांची कुळे अगदी वेगळी आहेत. इंग्रजांना रावसाची चव आणि मांस पाहून आपल्याकडच्या सॅमनची आठवण झाली असावी, एवढाच काय तो संबंध.

खरा सॅमन हा उत्तर गोलार्धातल्या थंड पाण्याचा मासा. अटलांटिक महासागरात त्याची एकच जात आहे. पॅसिफिकच्या अमेरिकन किनाऱ्यावर मात्र चिनूक, कोहो, सॉकाय, पिंक आणि चम अशा पाच जाती आढळतात. सगळ्यांचा जीवनक्रम साधारण सारखाच : नदीत जन्मायचे, समुद्रात जाऊन वाढायचे आणि अंडी घालण्यासाठी पुन्हा आपल्या जन्मनदीत यायचे. पॅसिफिकमधल्या या पाचही जाती अंडी घातल्यावर मरतात. चिनूक सर्वांत मोठा. १९८५ साली अलास्कातील कीनाय नदीत गळाला लागलेला एक चिनूक ९७ पौंडांहून अधिक, म्हणजे सुमारे ४४ किलोग्रॅम भरला. तुमच्या वर्गातल्या एखाद्या मुलाएवढे त्याचे वजन!

हे सगळे आठवण्याचे कारण असे की, गेल्या दिवाळीत माझा एक जुना विद्यार्थी भेटायला आला होता. तो सिएटलजवळ नोकरी करतो. हे शहर प्युजेट साउंड नावाच्या समुद्राच्या एका लांबलचक फाट्यावर वसलेले आहे आणि तिथे सुटीच्या दिवशी गळ टाकून सॅमन पकडणे हा लोकांचा आवडता छंद आहे. हाही कोकणातला, लहानपणी खाडीवर कोळंबी लावून मासे गरवलेला. त्यामुळे तिथेही त्याने काठी घेतली. पण त्याची तक्रार निराळीच होती.

“सर, एकाच नावेत आम्ही दोघे. दोघांचे आमिष तेच, शिसे तेवढेच, दोघांनी दोरी सोडलेली बरोबर तीस मीटर. त्याला तीन मासे, मला एकही नाही. हे नशीब म्हणायचं का?”

“नशीब नंतर बघू,” मी म्हटले. “दोरी दोघांची एकच होती का रे?”

नव्हती. याची दोरी नायलॉनचा जाड तंगूस होती आणि शेजाऱ्याची बारीक विणलेली. आमिष, वजन, लांबी सारे सारखे असूनही दोघांचे गळ पाण्यात एका जागी नव्हतेच.

दोरी किती तिरपी?

सिएटलच्या बाजूला ‘मूचिंग’ नावाची एक जुनी पद्धत आहे. नाव हळू वाहू द्यायची, दोरीला केळ्याच्या आकाराचे शंभर-दीडशे ग्रॅम शिसे बांधायचे, त्यापुढे दीड-दोन मीटर बारीक दोरा आणि त्याच्या टोकाला हेरिंग मासा. हेरिंग म्हणजे आपल्या तारलीसारखा लहान चंदेरी मासा. सॅमनचे ते रोजचे अन्न. जुने लोक नवशिक्याला सांगतात की, दोरी पाण्यात शिरताना पंचेचाळीस अंशांनी तिरपी दिसली पाहिजे. याहून उभी असेल तर शिसे कमी करा, याहून आडवी झाली तर वाढवा.

या नियमात नववी-दहावीतले बलांचे संतुलन आहे. शिसे दोरीला खाली ओढते. नाव पुढे सरकते म्हणून पाणी दोरीला, शिशाला आणि आमिषाला मागे ढकलते. या मागे ढकलण्याला रोध म्हणू. खाली ओढणारे बल आणि मागे ओढणारे बल समान झाले की दोरी बरोबर पंचेचाळीस अंशांत उभी राहते. म्हणजे कोन पाहणारा तो म्हातारा कोळी न कळत रोध आणि वजन यांचे गुणोत्तरच मोजत असतो!

वजन हवेतले धरायचे नाही, पाण्यातले धरायचे. शिशाची घनता पाण्याच्या ११.३ पट आहे. म्हणून १७० ग्रॅम शिसे पाण्यात फक्त १५ ग्रॅमने हलके होते. लोखंडाचे तेवढेच वजन २२ ग्रॅमने हलके होईल आणि आकाराने मोठे असल्यामुळे पाण्याला जास्त अडेल. शिसे वापरण्याचे हे कारण. (शिसे विषारी असते हेही खरे. हंसांच्या पोटात जाऊन ते मरत, म्हणून ब्रिटनमध्ये १९८७ साली गळाच्या लहान शिशांच्या विक्रीवर बंदी आली.)

आता रोधाकडे वळू. वेग दुप्पट झाला की रोध चौपट होतो. सायकल जोरात हाणताना समोरचा वारा किती अडवतो ते तुम्ही अनुभवले असेलच. समजा, तीस मीटर दोरी पंचेचाळीस अंशांत आहे. गळ साधारण २१ मीटर खोल असेल. नावेचा वेग दुप्पट झाला तर रोध वजनाच्या चौपट होईल, दोरी उभ्या रेषेपासून सुमारे ७६ अंश कलेल आणि गळ अवघ्या सात मीटरांवर येईल! हिशेब ढोबळ आहे, कारण दोरी आडवी होत जाते तसा तिच्यावरचा रोधही बदलतो. पण दिशा बरोबर आहे. मासे वीस मीटरांवर आणि आमिष सातावर, मग कसले लागणार?

माझ्या विद्यार्थ्याचे नेमके काय चुकले होते ते आता पाहा. त्याच्या तंगुसाची जाडी होती ०.४ मिलिमीटर. तीस मीटर लांबीने गुणा. क्षेत्रफळ आले १२० चौरस सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ आपल्या पोस्टकार्डाएवढे. दोरी तिरपी असल्यामुळे पाण्यासमोर येणारे क्षेत्रफळ थोडे कमी, पण तरीही पाऊण पोस्टकार्डाच्या आसपास. १७० ग्रॅम शिशाचा गोळा केला तर त्याचे तोंड भरते जेमतेम साडेसात चौरस सेंटिमीटर. आपल्याला वाटते, पाणी शिशाला आणि माशाला अडवते. प्रत्यक्षात ते अडवते ते त्या दिसेल न दिसेल अशा दोऱ्याला! शेजाऱ्याची विणलेली दोरी तेवढीच बळकट पण साधारण निम्म्या जाडीची होती. तिचे पोस्टकार्डही निम्मे. त्याचा गळ कित्येक मीटर अधिक खोल गेला होता आणि मासे तिथे होते.

हा प्रयोग तुम्हाला ओढ्याच्या किंवा कालव्याच्या काठावर, मोठ्या माणसांबरोबर सहज करता येईल. एकदा जाड सुतळीला आणि एकदा शिवणाच्या दोऱ्याला तोच दगड बांधून वाहत्या पाण्यात सोडा आणि कोनमापकाने कोन मोजा. दोन्ही वेळा दोऱ्याची लांबी मात्र तेवढीच ठेवा.

वेगाने जाणाऱ्या नावेतून खोल मासे धरायचे असतील तर तिथले लोक दुसरे दोन उपाय करतात. एक म्हणजे पाच-सहा किलोंचा शिशाचा गोळा वेगळ्या पोलादी तारेला बांधून खाली सोडायचा आणि गळाची दोरी त्या तारेजवळ एका चिमट्यात अडकवायची. एवढ्या वजनापुढे रोधाचे काही चालत नाही. तार जवळजवळ उभी राहते. मासा लागला की हिसक्याने दोरी चिमट्यातून सुटते आणि माणसाला गोळा ओढत बसावे लागत नाही. दुसरा उपाय मला अधिक आवडला. त्यात वजन फारसे नसतेच. प्लॅस्टिकची एक तिरपी चकती दोरीला बांधतात. पुढे ओढली की पाणी तिच्या वरच्या अंगावर आदळते आणि ती खाली खाली जाते. म्हणजे पाण्यात उडवलेला उलटा पतंग! पतंगाची कन्नी चुकली तर तो गिरक्या खातो, तशी ही चकतीही नीट बांधली नाही तर भलतीकडे जाते.

वीस मीटर खोल कोणता रंग?

विद्यार्थ्याने खिशातून दोन रबरी माकूल काढून टेबलावर ठेवले, एक लालभडक आणि एक पोपटी. तिथे त्यांना ‘हूची’ म्हणतात. दुकानात असे शेकडो रंग मिळतात.

लाल माकूल वरून सुंदर दिसतो, पण पाणी लाल प्रकाश भराभर शोषून घेते. ६५० नॅनोमीटर तरंगलांबीचा लाल प्रकाश अगदी शुद्ध पाण्यात दहा मीटर गेला की फक्त तीन टक्क्यांच्या आसपास उरतो; निळा तेवढ्याच अंतरानंतर जवळजवळ नव्वद टक्के शिल्लक असतो. प्युजेट साउंडसारख्या किनाऱ्यालगतच्या पाण्यात सूक्ष्म वनस्पती आणि कुजलेल्या पाल्याचा पिवळसर अंश असतो. तो निळाही खातो. मग सर्वांत खोल पोचतो तो हिरवा. लाल वस्तूवर लाल प्रकाश पडलाच नाही तर ती परावर्तित काय करणार? ती काळी दिसते. घरी गडद हिरवा जिलेटीनचा कागद डोळ्यांसमोर धरून लाल कापडाकडे बघा, लगेच पटेल.

पोपटी रंगाचा तिथे एवढा बोलबाला का, हे यावरून समजते. त्यातही चमकणारे म्हणजे प्रतिदीप्त रंग असतात, त्यांची गंमत वेगळी. ते निळा-हिरवा प्रकाश शोषून अधिक लांब तरंगलांबीचा प्रकाश स्वतः बाहेर टाकतात. त्यामुळे जिथे नारिंगी प्रकाश पोचतच नाही तिथेही प्रतिदीप्त नारिंगी वस्तू नारिंगी दिसते.

पण रंगाचे फार स्तोम माजवू नये असे मला वाटते. मासा पुष्कळदा भक्ष्याकडे खालून वर पाहतो. खालून पाहिले की वरचा उजेड एका गोल खिडकीतून आल्यासारखा दिसतो (प्रकाशाच्या अपवर्तनामुळे त्या शंकूचा कोन सुमारे ९७ अंश होतो) आणि त्यापुढे कोणतीही वस्तू गडद सावलीसारखीच दिसणार. दोन रंगांचे गळ एकाच खोलीवर, एकाच वेळी, पुष्कळदा टाकून मोजदाद केल्याशिवाय “परवा पोपटीने मासा लागला” या म्हणण्याला प्रयोग म्हणता येत नाही.

थरथर आणि फिरकी

माशाच्या दोन्ही कुशींवर डोक्यापासून शेपटीपर्यंत एक बारीक रेघ असते, तिला पार्श्वरेखा म्हणतात. पाण्याची जवळची हालचाल तिला कळते. फार लांबची नव्हे, माशाच्या एक-दोन लांबींच्या अंतरातली. म्हणून आमिष नुसते दिसून भागत नाही, ते जिवंत माशासारखे पाणी हलवणारे हवे.

रबरी माकुलाला स्वतःची काहीच हालचाल नसते. म्हणून त्याच्या पुढे हातभर लांबीची, टोके किंचित वळवलेली एक चकाकती पट्टी बांधतात. तिला ‘फ्लॅशर’ म्हणतात. ती ओढली की मोठी गोल गिरकी घेत जाते आणि मागच्या माकुलाला हिसके देते. आता प्रश्न असा की पट्टी आणि माकूल यांच्यातला दोरा किती लांब ठेवायचा? हाताने दोराला झटका द्या. आखूड दोराचे दुसरे टोक उडते, लांब दोराच्या टोकापर्यंत झटका पोचता पोचता विरतो. म्हणून माकुलासाठी दोरा साठ सेंटिमीटर ते एक मीटर, आणि तोही जाड व ताठर ठेवतात, म्हणजे झटका मरत नाही. हेरिंग स्वतःच फिरते, तिला धक्क्यांची गरज नसते. तिच्यासाठी दोरा दीड मीटर किंवा त्याहून लांब सोडतात.

हेरिंग फिरते कशी? तिचे डोके तिरप्या सुरीने कापतात. तो तिरपा काप पंख्याच्या पात्यासारखे काम करतो. पुढे ओढताना पाणी एका बाजूला ढकलले जाते आणि मासळी स्वतःभोवती फिरू लागते. काप किती तिरपा यावर फिरकी घट्ट की संथ हे ठरते. नावेच्या कडेला पाण्यात धरून, फिरकी मनासारखी दिसेपर्यंत काही लोक तीन-तीन हेरिंग वाया घालवतात, असे विद्यार्थी सांगत होता. मासळी फिरली की दोऱ्यालाही पीळ पडतो, म्हणून मध्ये एक फिरती कडी घालावीच लागते.

हेरिंग मऊ असते, पाण्यात तिचे लचके सुटतात. म्हणून आदल्या रात्री ती खारट पाण्यात बुडवून ठेवतात. मीठ परासरणाने मांसातले पाणी बाहेर ओढून घेते आणि मांस घट्ट होते. आपल्या खारवलेल्या सुक्या मासळीत हेच घडते. आणखी एक गोष्ट ऐकून मला हसू आले. पुष्कळ लोक त्या पाण्यात कपड्यांची नीळ टाकतात! पण विचार केला तर ते बरोबरच आहे. पिवळट पडलेल्या सदऱ्याला नीळ दिली की तो पांढरा दिसतो, तशी हेरिंगही उजळ दिसते.

हाताचा वास

सॅमन आपली जन्मनदी कशी ओळखतो, या कोड्याचा उलगडा करणारा प्रसिद्ध प्रयोग सिएटलजवळच्याच इसाक्वा ओढ्यावर झाला. आर्थर हॅसलर आणि वॉरेन विस्बी या शास्त्रज्ञांनी ओढ्याच्या दोन फाट्यांवर आलेले कोहो पकडले, त्यांतल्या काहींच्या नाकपुड्या बंद केल्या आणि सर्वांना संगमाच्या खाली पुन्हा सोडले. नाक उघडे असलेल्या बहुतेक माशांनी आपला फाटा बरोबर शोधला. नाक बंद असलेले गोंधळले. हे निष्कर्ष १९५४ साली प्रसिद्ध झाले.

एवढे तीक्ष्ण नाक असेल तर आमिषाला माणसाचा वास लागलेला त्याला चालेल का? त्याच सुमारास ब्रिटिश कोलंबियात हे तपासले गेले. नदी चढणाऱ्या सॅमनच्या वरच्या बाजूला, हात बुडवलेले पाणी सोडले की मासे चढायचे थांबत किंवा मागे वळत. अस्वलाच्या पंजाचे पाणीही तसेच भिववी. त्वचेतून येणारे सेरीन नावाचे अमिनो आम्ल याच्या मुळाशी आहे, असे १९५६ साली दाखवण्यात आले. गळाला आमिष लावण्याआधी तिथले जाणते लोक हात घासून धुतात, त्याला असा आधार आहे.

नदीत शिरलेल्या सॅमनची गोष्ट मात्र वेगळी आहे. तो खाणे सोडून देतो. साठवलेल्या चरबीवर तो अंडी घालण्याच्या जागेपर्यंत जातो. तरीही तो गळाला लागतो! स्कॉटलंडमध्ये ते पिसे-दोऱ्यांची रंगीत माशी पाण्यावरून फिरवतात, अमेरिकेत सॅमनचीच अंडी मीठ, साखर, टाकणखार यांत मुरवून नदीच्या तळाजवळून वाहू देतात. स्कॉटलंडच्या टे नदीत ७ ऑक्टोबर १९२२ रोजी जॉर्जिना बॅलंटाइन या तरुणीने पकडलेला ६४ पौंडांचा सॅमन हा ब्रिटनमधला गळाचा विक्रम अजून मोडलेला नाही. तिच्या गळाला डेस नावाचा लहान मासा होता. न खाणारा मासा तोंड का उघडतो? कुणी म्हणतात चिडून, कुणी म्हणतात समुद्रातल्या सवयीने. एक गोष्ट मात्र डोळ्यात खरोखर बदलते. नदीकडे परतताना सॅमनच्या दृष्टिपटलातील रंगद्रव्य बदलून त्याची नजर लाल रंगाकडे झुकते. नदी उथळ, तिथे लाल प्रकाश पोचतो आणि नदीतले गळही लाल, गुलाबी, नारिंगीच अधिक खपतात. हा मेळ सुंदर आहे, पण त्यावरून लगेच निष्कर्ष काढायला मी धजणार नाही.

उलटा काटा

शेवटी उरला तो गळ. आपल्या गळाला टोकाजवळ एक उलटा काटा असतो, तो मासा सुटू देत नाही. प्युजेट साउंडमध्ये सॅमनसाठी असा काटा चालत नाही. एकतर बिनकाट्याचा गळ घ्यायचा, नाहीतर पकडीने काटा चेपून टाकायचा.

कारण असे की प्युजेट साउंडमधला चिनूक १९९९ पासून तिथल्या कायद्याने संकटग्रस्त ठरलेला आहे. त्या भागातले काळे-पांढरे ओर्का देवमासे मुख्यतः चिनूकवरच जगतात, तेही कमी झाले आहेत. माणसांनी उबवणी केंद्रांत वाढवून सोडलेल्या पिलांच्या पाठीवरचा, शेपटीजवळचा एक छोटा मांसल पर आधीच कापलेला असतो. तो पर नसलेला मासा घरी नेता येतो. पर असलेला, म्हणजे नदीत आपोआप जन्मलेला असेल, तर त्याला पाण्याबाहेर न काढता सोडून द्यावे लागते. तेव्हा गळ असा हवा की सेकंदात निघेल.

बिनकाट्याचा गळ शिरतोही सहज, कारण बल तेच पण शिरणारे टोक बारीक. मात्र दोरी क्षणभर सैल पडली की तो निसटतो. म्हणून मूचिंगची काठी तीन मीटरहून लांब आणि शेंड्याला लवचीक असते. वाकलेली काठी स्प्रिंगसारखी दोरी सतत ताणून धरते. सावकाश वाहणारे आमिष मासा पुष्कळदा खोल गिळतो आणि साधा गळ घशात किंवा कल्ल्यात रुतला तर सोडलेला मासाही जगत नाही. म्हणून कॅलिफोर्नियात नाव थांबवून आमिष लावणाऱ्यांना गोल गळ वापरावा लागतो. त्याचे टोक आत वळलेले असते. गिळला तरी तो घशातून न रुतता सरकत येतो आणि जबड्याच्या कोपऱ्याशी आल्यावर वळून तिथे अडकतो. अट एकच, हिसका द्यायचा नाही. एवढे करूनही २०२३ आणि २०२४ या दोन्ही वर्षी कॅलिफोर्नियाच्या समुद्रात सॅमनची मासेमारी बंदच ठेवावी लागली, इतके मासे घटले होते.

त्या दिवशी माझ्या विद्यार्थ्याने माझ्याच पकडीने आपल्या डब्यातल्या उरलेल्या गळांचे काटे एक एक करून चेपले. परत गेल्यावर त्याने बारीक विणलेली दोरी घेतली आणि पत्र लिहिले. दोरी पंचेचाळीस अंशांत होती, तीस मीटर, हेरिंग नीळ दिलेली. पहिलाच मासा चिनूक लागला, पाच-सहा किलोंचा असावा. नावेच्या कडेला आणून पाहिले तर पाठीवर तो छोटा पर होता. गळ लगेच निघाला. मासा क्षणभर तिथेच थांबला आणि मग खाली गेला.